जुन्या गाडीची नवी वीज



वसंत ऋतूत गावाने एकत्र बसून व्याख्याने ऐकावीत, ही आपल्याकडची चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली आणि पुढे ती गावोगाव पोचली. अशा व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, साहित्य, धर्म यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. तेव्हा आजच्या पत्रिकेवर ‘जुन्या पिकअप गाडीतील वीजव्यवस्था’ हा विषय वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु आरोंद्याच्या, शिरोड्याच्या, रेडीच्या रस्त्याने रात्री जो माल जातो तो गाडीतून जातो, आणि गाडी चालते ती चालकाला रस्ता दिसतो म्हणून. तो दिसण्याची व्यवस्था नीट आहे की नाही, हा प्रश्न चार घरांच्या पोटाचा आणि कित्येकदा चार जिवांचा असतो. म्हणून हा विषय आम्हाला व्यासपीठाच्या योग्यतेचा वाटला.

प्रथम कोणत्या गाड्यांविषयी आपण बोलत आहोत ते सांगतो. महिंद्र कंपनीने १९४७ साली सुटे भाग आणवून विलीस जीप जोडायला सुरुवात केली आणि १९४९ मध्ये माझगावात हिंदुस्थानातली पहिली विलीस जीप बांधली. त्या जीपच्याच घराण्यातल्या, मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाड्या आपल्या कोकणात खूप फिरल्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून, कुर्ल्याहून, डॉज आणि फार्गो आल्या. यांतल्या बहुतेक मोडीत गेल्या. परंतु काही अजून हौसेने राखलेल्या आहेत, आणि काही खरोखरच कामात आहेत. लाल माती, खाजणाचा बांध, बागेतली अरुंद पाणंद अशा ठिकाणी त्यांच्या इतका भरवशाचा सोबती आजही सहज सापडत नाही. इंजिन साधे, पत्रा जाड, दुरुस्ती कोणत्याही मिस्त्रीच्या हातची. त्यांचे एकच अंग दुबळे, आणि ते म्हणजे वीज.

हे अंग दुबळे का, ते समजण्यासाठी थोडा जमाखर्च मांडावा लागेल. पेट्रोलची पिकअप पावसाळ्यातल्या रात्री चालली आहे असे समजा. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे. १२ व्होल्टच्या गाडीत त्यांनाच नऊ अँपिअरांच्या वर प्रवाह लागतो. मागचे दिवे, बाजूचे छोटे दिवे आणि नंबरपाटीचा दिवा मिळून दोन अँपिअर. वायपरला तीन ते चार. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला तीन ते चार. ब्रेकवर पाय पडला की मागचे दोन तांबडे दिवे आणखी साडेतीन मागतात. बेरीज बावीसच्या घरात गेली. हॉर्न, वळणाचे दिवे आणि बॅटरी भरणे अजून हिशेबात धरलेलेच नाही.

आता जमेची बाजू पाहा. त्या काळात सर्वत्र वापरात असलेला लुकासचा सी-४० जातीचा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देई, आणि तेही इंजिन चांगले फिरत असताना. गाडी थांबली, इंजिन मंद झाले, की डायनॅमोची जमा शून्यावर येते. त्या क्षणी कटआउट नावाची छोटी पेटी डायनॅमोला बॅटरीपासून तोडते. नाहीतर बॅटरीच उलट डायनॅमोत रिकामी झाली असती. म्हणजे केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीची वाट पाहत दिवे लावून उभे राहिलात, किंवा आंबोलीच्या धुक्यात पावलापावलाने उतरलात, की सारा खर्च बॅटरीतून. “गाडी थांबली काय दिवो बसता,” असे आपल्याकडचे चालक म्हणतात. त्या पाच शब्दांत डायनॅमोचे सारे शास्त्र आले.

डायनॅमोचा यात दोष नाही. ज्या काळासाठी तो केला गेला, त्या काळी दिवे लहान होते, रात्रीची वाहतूक विरळ होती आणि खर्चही त्याच बेताचा होता. त्याच्या रचनेतच मर्यादा आहे. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले की, तारेचे वेटोळे आणि चुंबक यांपैकी एक दुसऱ्याजवळ हलले की तारेत वीज उपजते. डायनॅमोत वेटोळे फिरते आणि चुंबक स्थिर असतो. फिरत्या वेटोळ्यातली सगळीच्या सगळी वीज कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशांतून बाहेर काढावी लागते. बावीस अँपिअर घासत काढायचे म्हणजे ठिणग्या आणि झीज आलीच. फार वेगाने फिरवावे तर पट्ट्या उडण्याचे भय. म्हणून पुली अशी ठेवावी लागते की, इंजिन भरात असताना डायनॅमो झेपेल इतकाच फिरेल. मग मंद इंजिनावर तो पुरेसा फिरत नाही हे ओघानेच आले.

अल्टरनेटरने ही मांडणी उलटी केली. त्यात चुंबक फिरतो आणि वेटोळी स्थिर बसतात. फिरत्या चुंबकाला जागे ठेवण्यासाठी ब्रशांतून दोन-चार अँपिअर गेले की पुरे. मोठा प्रवाह स्थिर वेटोळ्यांतून, कशालाही न घासता, थेट बाहेर येतो. त्यामुळे त्याला इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येते आणि मंद इंजिनावरही तो आपल्या ताकदीचा बराच भाग देतो. अडचण एकच होती. त्याची वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते, आणि बॅटरीला तर एकाच दिशेची वीज हवी. सिलिकॉनचे लहान, टिकाऊ डायोड हाती आले तेव्हा ही अडचण सुटली. डायोडचे काम समजायला खाडीकाठच्या माणसाला दूर जावे लागत नाही. खाजणाच्या बांधात मानस असते. ओहोटीला ती आतले पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की आपोआप मिटून खारे पाणी अडवते. डायोड ही विजेची मानस होय. अशा सहा मानशी अल्टरनेटरच्या पाठीत बसवल्या की बाहेर एकाच दिशेचा प्रवाह येतो. शिवाय बॅटरीची वीज उलटी शिरत नाही, त्यामुळे कटआउटची गरजच उरत नाही. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि पुढे साऱ्या जगाने तो उचलला. आपल्याकडे मद्रासजवळ पाडी येथे १९६१ साली लुकास-टीव्हीएस कंपनी निघाली, आणि गाड्यांची विजेची उपकरणे देशातच होऊ लागली. आज ५०-६० अँपिअरचा अल्टरनेटर कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतो.

मग प्रश्न मिटला, असे वाटेल. डायनॅमो काढला, ब्रॅकेट वाकवून अल्टरनेटर बसवला, जुन्या तारा त्याच्या खिळ्यांना जोडल्या, झाले. पुष्कळ ठिकाणी नेमके एवढेच करतात. आमचे आजचे सारे सांगणे या एवढ्याच्या विरुद्ध आहे.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण आपण सारे वापरतो. ती खरी आहे, पण अर्धी. आडात पाणी भरपूर आहे आणि दोर कुजका असला, तर पोहराही जातो आणि ओढणाराही आड गाठतो. अल्टरनेटरने आड भरतो. दोराचे काय?

जुन्या गाडीत डायनॅमोची वीज बॅटरीकडे थेट जात नसे. ती आधी चालकाच्या समोर, फळीवरच्या अ‍ॅमीटरपर्यंत येई, त्या काट्यातून फिरे आणि मग बॅटरीकडे वळे. जमाखर्च डोळ्यांना दिसावा, ही योजना चांगलीच होती. समजा, जाण्यायेण्याची ती तार सहा मीटर लांब आणि चार चौरस मिलिमीटर जाडीची आहे. वीस अँपिअर वाहिले तर त्या तारेत दहा वॅटची उष्णता होते. हाताला कोमट लागेल इतकीच. आता तेथे साठ अँपिअर सोडा. प्रवाह तिप्पट झाला, पण उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते. कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दहाचे नव्वद वॅट झाले. पुढच्या एका दिव्याहून मोठी धग, फळीच्या मागे, कापसाच्या वेष्टनात आणि वाळलेल्या रबरात. त्यात एखादे थिंबल सैल असेल, हिरवट कळंक चढलेले असेल, तर नखाएवढ्या जागेत साठ-सत्तर वॅट एकवटतात. आग लागते ती येथे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठा अल्टरनेटर आपणहून कोणाच्या तारा जाळीत नाही. वीज कोणी ढकलीत नाही. जेवढी मागणी, तेवढा पुरवठा. पण मागणी करणारा गाडीत बसलेलाच आहे, आणि तो म्हणजे रिकामी बॅटरी. चार दिवस उभी राहिलेली गाडी धक्का मारून सुरू केली की उतरलेली बॅटरी आरंभी तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. त्यात दिवे आणि वायपर मिळवा. डायनॅमो होता तेव्हा तो ‘बावीसच्या वर देणार नाही’ म्हणून हात आखडीत असे. त्याचा दुबळेपणा हाच जुन्या तारांचा पहारेकरी होता. आपण पहारेकरी काढून नेतो आणि त्याच्या जागी दुसरा ठेवीत नाही, हे खरे दुखणे आहे.

एक उदाहरण सांगतो. मासळीची ने-आण करणारी एक जुनी पिकअप आमच्याकडे आली. अल्टरनेटर नवा, बॅटरी नवी, काचेत दिवेही नवे. पण प्रकाश पिवळा, आणि फळीमागून रात्री जळका वास. मालकांनी तोवर दोन बॅटऱ्या आणि बराच पैसा घातला होता. आम्ही अल्टरनेटरच्या खिळ्यावर मोजले तर १४.२ व्होल्ट, म्हणजे अगदी योग्य. दिव्याच्या खोबणीत मोजले तर ११.६. मधले २.६ व्होल्ट वाटेत कोणी खाल्ले? जाण्याच्या वाटेवर फळी, स्विच आणि जुन्या जोडांनी १.६ खाल्ले होते. आणि परतीच्या वाटेवर, म्हणजे अर्थच्या बाजूला, पुरा एक व्होल्ट गळत होता. फळी उतरवली तेव्हा अ‍ॅमीटरच्या एका नटाभोवतीचे रबर कोळसा होऊन गळून पडले. अल्टरनेटर निर्दोष होता, बॅटरी निर्दोष होती. विजेला चांगली वाट मात्र कोणी करून दिली नव्हती.

परतीची वाट हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. बागायतदाराला पाटाचे पाणी एका टोकाने सोडले की काम झाले. पाणी जमिनीत मुरते. विजेचे तसे नाही. ती जिथून निघाली तिथे परत गेली तरच वाहते. गाडीत परतीला वेगळी तार नसते. दिव्याचा पत्रा, पत्र्यापासून चासी, चासीपासून इंजिन, इंजिनापासून बॅटरीचे ऋण टोक, अशी ती वाट. आता आपल्या मुलखाचा विचार करा. येथून जवळच शिरोड्याला मिठागरे आहेत, ज्या मिठासाठी १९३० साली तेथे सत्याग्रह झाला. ते मीठ हवेत आहे, ते मासळीच्या पाण्याबरोबर हौद्यातून चासीवर ठिबकते, आणि वरून चार महिन्यांचा पाऊस. पत्रा आणि चासी यांच्यामध्ये बसवलेले रबर, त्याचा बोल्ट गंजलेला, त्यावर रंगाचे तीन थर. वीज परतणार कोठून? देशावर जी गाडी पंधरा वर्षे कुरकुर न करता चालेल, तिला खाडीकाठी पाचव्या वर्षी अर्थचे दुखणे लागते.

याची परीक्षा करायला फार विद्या लागत नाही. व्होल्ट मोजायचे साधे मीटर घ्यावे. दिवे लावावेत. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरी दिव्याच्या पत्र्यावर टेकवावी. काटा शून्याजवळ राहिला तर वाट निर्वेध आहे. दोन दशांशांच्या वर चढला तर तेवढी वीज वाटेत सांडते आहे. हीच परीक्षा सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये करावी. दिव्याच्या बाबतीत हे दशांश क्षुल्लक समजू नयेत. व्होल्ट दहा टक्के घटले की तापलेल्या तारेच्या दिव्याचा प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. त्या पिकअपचे अर्थ आम्ही आधी दुरुस्त केले: पत्रा खरवडून चकचकीत केला, तांब्याची विणलेली जाड पट्टी इंजिन ते चासी आणि चासी ते हौदा अशी दोन ठिकाणी घातली, वरून ग्रीस लावले. एवढ्यानेच दिव्यांचा रंग पालटला. अल्टरनेटरला तोवर कोणी हातही लावला नव्हता.

मग दुसरे काम. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत सोळा चौरस मिलिमीटरची नवी तार थेट नेली. अ‍ॅमीटरचा वळसा काढून टाकला. फळीवर जुना अ‍ॅमीटर शोभेपुरता ठेवला आणि शेजारी व्होल्टमीटर बसवला. अ‍ॅमीटर किती येते-जाते ते सांगतो. व्होल्टमीटर प्रकृती सांगतो. इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर, चालू असताना चौदाच्या आसपास, एवढे दोन आकडे चालकाने लक्षात ठेवले की त्याला रोज गाडीची नाडी कळते.

तिसरे काम रिलेचे. जुन्या रचनेत पुढच्या दिव्यांचा सारा प्रवाह चालकाच्या हाताखालच्या स्विचमधून जातो. तो स्विच दिवा लावतो, पण दिव्याचा भारही वाहतो. रिले घातला की स्विचला फक्त हुकूम द्यायचा असतो. भार रिले उचलतो, आणि तो बॅटरीजवळ बसवला की तार आखूड होते. ही कामे झाल्यावर त्याच खोबणीत १३.६ व्होल्ट मिळाले. दिवे तेच, अल्टरनेटर तोच. प्रकाश दीडपटीहून अधिक. आम्ही वीज वाढवली नाही, सांडणारी थांबवली.

चौथे काम फ्यूजचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. डायनॅमो गेल्यावर जो पहारा उठला, तो येथे पुन्हा बसवायचा. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, अशी समजूत आहे. वास्तविक तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार किती सोसते ते पाहून फ्यूज ठरवावा, आणि तो विजेच्या उगमापाशी, बॅटरीच्या हातभर अंतरात लावावा. वाटेच्या शेवटी लावलेला फ्यूज हा गावात चोरी झाल्यावर वेशीबाहेर उभा केलेला रामोशी होय. फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून त्याजागी चांदी किंवा जाड तार गुंडाळणाऱ्याने गाडीला काडी लावून ठेवली आहे, फक्त ती पेटायची वेळ ठरलेली नाही.

आता जे अल्टरनेटर नव्याने बसवणार आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी. पहिली गोष्ट ध्रुवांची. विलायती बनावटीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे. अल्टरनेटरला ऋण टोक चासीला लागते. हे न पाहता जोडले तर सहाही डायोड एका क्षणात जातात. त्याच कारणाने इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक कधी काढू नये, आणि गाडीला वेल्डिंग करताना अल्टरनेटरच्या तारा आधी सोडवाव्यात.

दुसरी गोष्ट व्होल्टची. महायुद्धाच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या आरंभीच्या विलीस जीप सहा व्होल्टच्या होत्या. त्यांना बारा व्होल्टवर आणायचे तर दिवे, कॉइल, हॉर्न, वायपरची मोटार, पेट्रोलचा काटा, सारे बदलावे किंवा जुळवून घ्यावे लागते. येथे एक समाधान आहे. ९० वॅटच्या दिव्यांना सहा व्होल्टला पंधरा अँपिअर लागतात, बाराला साडेसात. त्यामुळे सहा व्होल्टच्या गाडीतल्या तारा मुळातच जाड असतात. त्यांचे रबर मात्र सत्तर वर्षांचे आहे. तार वाकवून पाहावी. वेष्टनाला भेगा पडल्या तर जाडीचा मोह सोडून ती बदलावी.

तिसरी गोष्ट पट्ट्याची. वीज फुकट होत नाही. साठ अँपिअर देताना अल्टरनेटर इंजिनाकडून सुमारे दोन अश्वशक्ती घेतो, आणि तो भार एकट्या पट्ट्यावर पडतो. पुली तिरकी असेल, पट्टा सैल असेल, तर पावसाच्या पहिल्या शिंतोड्याला तो किंचाळू लागतो आणि वीज नेमकी हवी तेव्हा बसते. ब्रॅकेट वाकवून नव्हे, मापाने करून घ्यावे. चौथी गोष्ट फळीवरच्या तांबड्या दिव्याची. अल्टरनेटरला प्रथम जाग येते ती पुष्कळदा त्याच दिव्यातून जाणाऱ्या किंचित प्रवाहाने. दोन वॅटचा तो दिवा गेला की अल्टरनेटर झोपून राहू शकतो, आणि मालक नवा अल्टरनेटर घ्यायला बाजारात जातो.

आणखी एक सावधगिरी. वीज मुबलक झाली की शंभर-शंभर वॅटचे दिवे घालण्याचा मोह होतो. त्याने समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि प्लास्टिकची खोबण वितळते. मुबलक जमा हे उधळपट्टीचे निमित्त होऊ नये. ५५-६० वॅटचा दिवा, पूर्ण व्होल्ट आणि नीट रोखलेला झोत, एवढे आपल्या रस्त्यांना पुरे आहे.

आता एक आक्षेप. जुन्या वस्तूत नवी वस्तू घालणे हा भ्रष्टाचार नव्हे काय, असे हौशी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम करून पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. त्यात चासी, सांगाडा व इंजिन मूळ स्वरूपात राखलेले असावे अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. तेव्हा आधी मालकाने स्वतःला विचारावे की, आपली गाडी दाखवायची आहे की राबवायची. दाखवायची असेल, दिवसाउजेडी वर्षातून चार वेळा निघत असेल, तर डायनॅमो काढू नये. त्याचे ब्रश बदलावेत, अर्थ नीट करावेत, तारा नव्या घालाव्यात. तो आपले काम करील. अगदीच हवा असेल तर डायनॅमोच्या आकाराच्या कोठीत बसवलेला अल्टरनेटरही मिळतो. गाडी राबवायची असेल, रात्रीची, पावसातली असेल, तर अल्टरनेटर अवश्य घालावा. मात्र काढलेला डायनॅमो भंगारात देऊ नये. ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. चासीला नवे भोक पाडू नये, जुन्याच भोकांवर ब्रॅकेट घ्यावे. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली तर त्याला वाट मोकळी राहावी. नवे करताना जुन्याकडे परतण्याची सोय ठेवणे, हाच जुन्याचा खरा मान आहे.

हे सारे एका गाडीपुरते आहे असे आम्हाला वाटत नाही. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. पण धरणापाशी वीज झाली म्हणून झोपडीत दिवा लागला नाही. खांब, तारा, रोहित्रे, आणि ती राखणारा वायरमन गावापर्यंत पोचला तेव्हा दिवा लागला. उगम मोठा करणे हे डोळ्यांत भरते. त्याची पाटी लावता येते, त्याचे उद्घाटन करता येते. वाट दुरुस्त करणे हे फळीच्या मागचे, हौद्याखालचे, चिखलातले काम. त्याला पाटी नसते. म्हणून गॅरेजात नवा अल्टरनेटर लगेच विकला जातो, आणि अर्थची दोनशे रुपयांची पट्टी घालायला कोणी सांगत नाही.

मालकांना आमची विनंती अशी की, मिस्त्रीला ‘मोठा अल्टरनेटर टाक’ असे सांगू नका. ‘वीज कुठे सांडते ते आधी मोजून दाखव’ असे सांगा, आणि त्या मोजण्याची मजुरी आनंदाने द्या. मिस्त्रींना विनंती अशी की, क्रम मोडू नका: आधी परतीची वाट, मग जाण्याची तार, मग फ्यूजचा पहारा, आणि शेवटी उगम. या क्रमाने गेलात तर पुष्कळदा शेवटच्या पायरीची गरजच पडणार नाही, आणि पडली तर ती निर्धोक होईल.

मृग आता महिनाभरावर आहे. जून-जुलैत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात, पण गाड्या लागत नाहीत. किराणा येतो, भाजी येते, श्रावण सरला की गणपतीच्या मूर्ती ताडपत्रीखाली घेऊन हीच पिकअप वाडीवाडीत जाते. पावसात, अंधारात, वायपर चालू, दिवे चालू, आणि हौद्यात बसलेली दोन पोरे मूर्तीला धरून. त्या वेळी चालकासमोरचा रस्ता स्वच्छ दिसावा आणि फळीमागे काही जळत नसावे, एवढीच या सगळ्या खटाटोपामागची इच्छा. त्यासाठी लागणारे मीटर स्वस्त आहे, पट्टी स्वस्त आहे, आणि एक दुपार पुरते. ती दुपार आपण मृगाआधी काढावी.